तेवीस की चोवीस? नाकतोडे, रातकिडे आणि एकमेकांना शिवलेली गुणसूत्रं

पाऊस सरता सरता दरवर्षी आमच्या प्रयोगशाळेत एकच चूक होते. जर्नलमध्ये नाकतोड्याच्या नराची गुणसूत्रं २४ लिहिली जातात. खरा आकडा २३ असतो आणि मुलांनी तो मोजलेलाही बरोबर असतो. लिहिताना मात्र हात कचरतो.

प्रयोग जुनाच आहे. तुरीच्या बांधावरून नाकतोडा धरून आणायचा. नर हवा. पोटाचं टोक बोथट आणि वर वळलेलं असलं की नर, काट्यांसारखं फाकलेलं असलं की मादी. नराच्या आत पाठीच्या बाजूला पिवळसर नारिंगी गोळा असतो, ते वृषण. त्यातली एखादी नळी काचपट्टीवर घ्यायची, वर ॲसिटोकार्मिनचा लाल थेंब टाकायचा, स्पिरिटच्या दिव्यावर जरासा शेक द्यायचा आणि कव्हरस्लिप ठेवून टिपकागदावरून अंगठ्याने दाबायचं. दाबताना अंगठा सरकला की सगळी मेहनत पाण्यात. जमलं तर सूक्ष्मदर्शकाखाली लालसर काड्या विखुरलेल्या दिसतात. तीच गुणसूत्रं.

"सर, तेवीसच येतायत. एक निसटलं वाटतं."

निसटलेलं काहीच नसतं. गुणसूत्रं जोडीने असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून, हे बारावीपासून इतकं घोकलेलं असतं की विषम आकडा दिसला की पोरांना आपलीच चूक वाटते. पण नाकतोड्याच्या नरात एक गुणसूत्र खरोखरच एकटं असतं. ते एक्स. मादीला दोन एक्स, म्हणून ती २४. नराला एकच एक्स, म्हणून तो २३. वाय नावाचा प्रकारच नाही. नराच्या निम्म्या शुक्रजंतूंत एक्स जातो, निम्म्यांत जात नाही, आणि त्यावरूनच पुढच्या पिढीत नर की मादी हे ठरतं. या एकट्या गुणसूत्राचा लिंगाशी संबंध असावा, हे कॅन्ससमध्ये मॅक्लंग यांनी १९०२ मध्ये सुचवलं, तेही नाकतोडे बघूनच. त्यांचा विद्यार्थी सटन. त्याने ब्रॅकिस्टोला मॅग्ना या थोराड नाकतोड्यात हीच तेवीस गुणसूत्रं न्याहाळली आणि आनुवंशिकतेचा माल गुणसूत्रांवरूनच वाहिला जातो, हे मांडलं. म्हणजे ज्या पायावर आजचं जनुकशास्त्र उभं आहे, तो बांधावरच्या किड्याने घातलाय.

२४ लिहिणाऱ्या मुलांना मी रागवत नाही. माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं आहेत असं पेंटर यांनी १९२३ मध्ये सांगितलं आणि पुढची तेहतीस वर्षं जगभरातले शहाणे ४८च मोजत राहिले. १९५६ मध्ये त्यियो आणि लेव्हान यांनी नीट पसरलेल्या पेशी दाखवल्या, तेव्हा कुठे ४६ वर शिक्का बसला. डोळ्यांना जे दिसतं त्यापेक्षा पाठ केलेलं जास्त खरं वाटतं, हा रोग फक्त बीएस्सीच्या वर्गात नाही.

आता रातकिडे. ते नाकतोड्यांचे लांबचे भाऊबंद, आणि एक्सचा हिशोब तिथेही हाच. पण एकूण संख्या बघा. पंखांच्या मुळाशी दोन पिवळे ठिपके असलेला तो काळा रातकिडा, ग्रिलस बायमॅक्युलेटस, त्याच्या नरात २९. जगभर पाळला जाणारा अचेटा डोमेस्टिकस, त्याच्या नरात २१. ऑस्ट्रेलियातल्या आणि पॅसिफिक बेटांवरच्या टेलिओग्रिलस ओशियानिकसमध्ये २७. हवाईच्या जंगलातल्या लाउपाला नावाच्या चिमुकल्या रातकिड्यात फक्त १५. मादीत प्रत्येक ठिकाणी एक जास्त. सगळ्यांना पंख, मिशा, उडी मारणारे पाय आणि किर्र आवाज आहेच. मग एकाकडे दुसऱ्याच्या जवळपास निम्मीच गुणसूत्रं कशी? बाकीची गेली कुठे?

बहुतेक वेळा कुठेच गेलेली नसतात. हे समजावायला मला सोलापूरसारखं गाव नाही.

आपली जेकार्ड चादर आठवा. पूर्व भागातल्या कुठल्याही जुन्या मागावर मान वर करून बघितलं, की भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबच लांब माळ दिसायची. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची एक फेक. कुठलं भोक आहे आणि कुठलं नाही, यावर ताण्याचे कुठले धागे वर उचलायचे हे ठरतं. पुठ्ठे दोऱ्याने एकमेकांना शिवलेले असतात आणि माळ फिरत राहिली की चादरीवर मोर उमटत जातो. जनुकं म्हणजे हे पुठ्ठे आणि गुणसूत्र म्हणजे ती माळ. आता दोन आखूड माळा घेतल्या आणि टोकाला टोक जोडून एक लांब माळ केली, तर माळांची संख्या एकाने कमी झाली. पुठ्ठे तेवढेच राहिले. नक्षीही तीच.

गुणसूत्रांचं असं शिवलं जाणं रॉबर्टसन यांनी १९१६ मध्ये नाकतोडे, रातकिडे अशा कीटकांतच ओळखलं. दोन काडीसारखी गुणसूत्रं आपापल्या टोकाशी जुळून इंग्रजी व्हीसारखं एक मोठं गुणसूत्र तयार होतं. आजही त्याला त्यांच्याच नावाने रॉबर्टसोनियन जोड म्हणतात. म्हणून जाणकार माणूस नुसती गुणसूत्रं मोजत नाही, त्यांचे हात मोजतो. काडीला एक हात, व्हीला दोन.

हातांचा हा हिशोब बघायला रातकिड्यांमागे लागायचीही गरज नाही. मंगळवेढ्याकडून सांगोल्याकडे जाताना रस्ता अडवून उभा राहणारा कळप बघा. पन्नास-साठ मेंढरं आणि त्यात पाच-सहा शेळ्या. वर्षानुवर्षं एकत्र चरतात, एकाच वाघरात बसतात. एका मेंढपाळ मामांना मी विचारलं होतं, यांची सरमिसळ कधी होत नाही का. त्यांनी माझ्याकडे, हा शिकलेला माणूस असं काय विचारतोय, अशा नजरेने बघितलं. "मेंढरू मेंढराकडं, बकरं बकऱ्याकडं. ह्येला काय शिकवावं लागतंय व्हय, मास्तर?"

शेळीत ६० गुणसूत्रं, सगळी काडीसारखी. मेंढीत ५४. मेंढीच्या वंशात कधीकाळी काड्यांच्या सहा जोड्यांपासून व्हीच्या तीन जोड्या झाल्या. साठातून सहा गेले, चोपन्न उरले. हात मोजलेत तर दोघींचे साठच भरतात. चुकूनमाकून गर्भ राहिलाच, तर तो सहसा टिकत नाही.

इथेच घाई करून निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. आकडा वेगळा, म्हणून प्रजाती वेगळी. पुष्कळ वर्षं पुष्कळ लोकांना तसं वाटायचं आणि ते अगदीच निराधार नव्हतं. शुक्रजंतू किंवा अंडं तयार होताना प्रत्येक गुणसूत्राला आपला जोडीदार शोधून त्याला टाचेपासून डोक्यापर्यंत चिकटावं लागतं, मग दोघं दोन दिशांना जातात. यालाच अर्धसूत्री विभाजन म्हणतात. एका बाजूने शिवलेली लांब माळ आली आणि दुसऱ्या बाजूने दोन सुट्या, तर तिघांना मिळून एक गट करावा लागतो. वेगळं होताना गडबड झाली की एखाद्या शुक्रजंतूत माळ दुबार जाते, एखाद्यात जातच नाही. खेचराचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. घोडीकडून ३२, गाढवाकडून ३१, एकूण ६३, आणि खेचर वांझ.

पण हेच गणित आपल्या पंढरपुरी म्हशीवर लावून बघा. तलवारीसारखी खांद्यामागे गेलेली शिंगं असलेली ही म्हैस नदीच्या गटातली, म्हणजे रिव्हर बफेलो. गुणसूत्रं ५०. ईशान्य भारतापासून आग्नेय आशियापर्यंत चिखलात राबणारी दलदलीची म्हैस असते, तिची ४८, कारण तिच्यात चौथं आणि नववं गुणसूत्र शिवलं गेलंय. दोघींच्या संकरात ४९. विषम आकडा, खेचरासारखाच. आणि तरीही ही ४९ वाली म्हैस गाभण राहते, रेडकं देते. जननक्षमता थोडी कमी भरते, एवढंच. मंगोलियाच्या रानटी प्रझेवाल्स्की घोड्यात ६६ गुणसूत्रं आहेत. आपल्या घोड्याशी त्याचा संकर ६५ चा होतो आणि तोही वंश चालवतो. लेप्टिडिया सिनापिस नावाचं एक पांढरं फुलपाखरू तर कहर आहे. स्पेनमध्ये त्याची १०६ गुणसूत्रं आणि कझाकस्तानात ५६, आणि तरी प्रजाती एकच.

उलटही होतं. खिलार आणि जर्सी, दोघांत साठच. पण खिलार वळूचं वाय गुणसूत्र काडीसारखं आणि जर्सीच्या वळूचं दोन हातांचं. आकडा सारखा असला म्हणजे आत सगळं सारखं असतं, असंही नाही.

म्हणजे खेचराचा दोष ६३ या आकड्यात नाही. घोड्याच्या आणि गाढवाच्या माळा नुसत्या वेगळ्या शिवलेल्या नाहीत, त्यांचे पुठ्ठे ठिकठिकाणी उलटसुलट झालेत, त्यामुळे जोडीदार सापडला तरी अंगाला अंग लागत नाही. म्हशीत एकच शिवण आहे, बाकी पुठ्ठे ओळीने जागच्या जागी. अशा एका शिवणीने फार बिघडत नाही. शिवणी पुष्कळ झाल्या आणि दोन गटांत त्या वेगवेगळ्या पडल्या, की मग अडचण होते. मदेइरा बेटावरचे घरातले उंदीर बघा. नेहमीच्या उंदरात ४० गुणसूत्रं असतात. जहाजांबरोबर या डोंगराळ बेटावर उतरलेल्या उंदरांची वंशावळ खोऱ्याखोऱ्यांत अडकली आणि आज तिथे २२ ते ३० गुणसूत्रांचे वेगवेगळे गट आहेत. प्रत्येक खोऱ्यात वेगळ्या माळा वेगळ्यांना शिवलेल्या. लाखो वर्षं नव्हे, शतकांच्या हिशोबात घडलेली गोष्ट आहे ही.

नाकतोड्यातलं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण आल्प्स पर्वतातलं. तिथे पोडिस्मा पेडेस्ट्रिस नावाचा आखूड पंखांचा नाकतोडा आहे, उडत नाही. त्याचे दोन गट. एकात नेहमीप्रमाणे नराला एकटा एक्स. दुसऱ्यात एक्स एका साध्या गुणसूत्राला शिवला गेलाय. मग त्या साध्या गुणसूत्राचा न शिवलेला जोडीदार काय करतो? तो आता फक्त बापाकडून मुलाकडे जात राहतो. म्हणजेच तो वाय झाला! वाय नसलेल्या घराण्यात वाय असा जन्माला येतो. हे दोन गट डोंगरात जिथे भेटतात, तिथे संकराचा पट्टा जेमतेम काहीशे मीटर रुंद आहे. त्यापलीकडे मिसळ पसरत नाही. साहजिकच सगळ्यांनी बोट शिवणीकडे दाखवलं. १९८१ मध्ये बार्टन आणि हेविट यांनी संकरांची पिल्लं नीट तपासली, तेव्हा वेगळंच निघालं. पिल्लं मरत होती ती ठिकठिकाणी विखुरलेल्या पुष्कळ लहान लहान जनुकांचं एकमेकांशी न जमल्यामुळे. शिवण दिसायला ठळक होती, म्हणून आळ तिच्यावर आला होता.

एक्सला दुसरं गुणसूत्र शिवलं जाण्याची ही घटना आपल्या दाराशीही आहे. नान्नजच्या माळावर माळढोक दिसायला आता नशीब लागतं, पण काळविटांचा कळप हमखास दिसतो. काळविटात एक्स एका साध्या गुणसूत्राला शिवलेला आहे. पण नाकतोड्यात मुळात वाय नव्हता, काळविटात आधीपासून आहे. म्हणून न शिवलेला जोडीदार त्याच्या सोबतीला दुसरा वाय होऊन बसतो. नराला दोन वाय! मादीत ३० ते ३२ आणि नरात ३१ ते ३३. रातकिड्यात नराचं एक कमी, काळविटात नराचं एक जास्त. सह्याद्रीतल्या भेकराने तर शिवण्याची हद्द केली. मादीत ६, नरात ७, सस्तन प्राण्यांतला हा नीचांक. चीनमधल्या त्याच्या भाऊबंदात, रीव्हच्या भेकरात, ४६ आहेत. दोघं दिसायला इतके सारखे की चटकन वेगळे ओळखू येत नाहीत. त्यांचा संकर बंदिवासात झालाय, पिल्लू जगलंयही, पण त्या नराला शुक्रजंतू तयार करता आले नाहीत.

आपणही शिवलेलेच आहोत. चिंपँझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात ४८ गुणसूत्रं आणि आपल्यात ४६, कारण आपलं दोन नंबरचं गुणसूत्र दोन जुन्यांना जोडून झालंय. गुणसूत्रांच्या टोकाला दोरा उसवू नये म्हणून ठरावीक अक्षरांची वीण असते, टेलोमिअर म्हणतात तिला. ती टोकाला असायला हवी, पण आपल्या दोन नंबरच्या गुणसूत्रात ती मधेच सापडते, दोन्ही बाजूंनी तोंडाला तोंड लावून. जुन्या माळांची गाठ. पेंटर यांचा ४८ हा आकडा चुकीचाच होता, पण आपल्या पूर्वजांबद्दल तो खरा निघाला, हा योगायोग मला दर वेळी गुदगुल्या करतो.

शिवणीपेक्षा जास्त काम करते ती उलटापालट. माळेतले चाळीस ते सत्तर क्रमांकाचे पुठ्ठे सोडवले आणि उलट्या क्रमाने परत शिवले, समजा. पुठ्ठा एकही हरवला नाही, आकडाही बदलला नाही. पण या माळेला जेव्हा सरळ माळेशी जुळायचं असतं, तेव्हा मधला भाग वळवून फास केल्याशिवाय जुळत नाही. जुळल्यावर जोडीदार एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात, ते नेहमीचंच. फासाच्या आत ती झाली की निघणाऱ्या माळेत काही पुठ्ठे दुबार आणि काही गायब. असे शुक्रजंतू वाया जातात. याचा परिणाम असा, की ते एकतीस पुठ्ठे पिढ्यान्‌पिढ्या एका गठ्ठ्यात राहतात, दुसऱ्या माळेतलं काही त्यात घुसत नाही. त्या गठ्ठ्यात एखाद्या जागेला सोयीची जनुकं जमली असतील, तर शेजारच्या गटाशी संकर चालू असूनही ती पांगत नाहीत. माळ उलटी झाल्याचं स्टर्टेव्हंट यांनी फळमाश्यांत १९२१ मध्ये दाखवलं होतं. तिचं हे कुलूप लावण्याचं काम मात्र गेल्या काही दशकांत नीट उमजलं.

याचा व्यवहारात उपयोग काय, असं विचारणाऱ्यांसाठी मलेरियाचं उदाहरण पुरे. ग्रामीण भारतात मलेरिया पसरवणारा मुख्य डास ॲनोफिलिस क्युलिसिफेसीस. भिंगाखाली बघितलं तर एकच जात. पण अंडी अर्धी भरलेल्या मादीच्या अंडाशयात जाडजूड, पट्टेदार गुणसूत्रं मिळतात आणि त्यांवरचे उलटे पट्टे वाचले की हा एक डास चार निघतो: ए, बी, सी आणि डी. पाचवा, ई, पट्ट्यांत बीसारखाच दिसतो, तो नराच्या वाय गुणसूत्रावरून ओळखला गेला. या पाचांतला बी मलेरिया पसरवण्यात अगदीच कमजोर आहे. गावात डास पुष्कळ आणि ताप कमी, हे कोडं कधी कधी असं सुटतं.

आणि आता परत रातकिड्यांकडे, कारण वरच्या सगळ्याला छेद देणारं उदाहरण त्यांच्याकडेच आहे.

रातकिड्याचा आवाज तोंडातून येत नाही. नर पुढच्या पंखावरची दातेरी शीर दुसऱ्या पंखाच्या कडेवर घासतो. मादी गप्प असते आणि ऐकते, पुढच्या पायांवरच्या कानांनी. मेमधल्या सोलापुरात तोच रातकिडा जास्त भरभर वाजतो, पण मादीची आवडही तापमानाबरोबर सरकते, म्हणून चुकामूक होत नाही. लाउपालाच्या दोन प्रजाती घ्या. पॅरानिग्रा सेकंदाला साधारण ०.७ ठोके देतो, कोहालेन्सिस ३.७. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत टाळ्या वाजवून बघा, फरक कुणालाही कळेल. दिसायला मात्र हे किडे एकमेकांची कार्बन कॉपी. या गटात दर दहा लाख वर्षांना चारहून जास्त नव्या प्रजाती घडल्या, असा अंदाज २००५ मध्ये मांडला गेला. कीटकांत इतका वेग दुसरीकडे नोंदलेला नव्हता. साहजिकच त्यांच्या माळा बघाव्यात असं कुणालाही वाटेल. २०१८ मध्ये त्यांचे जनुकनकाशे शेजारी शेजारी मांडले गेले. पुठ्ठे जवळपास ओळीने तसेच. ना मोठ्या शिवणी, ना मोठ्या उलटापालटी. मादीला ठेका पटला नाही, एवढ्यावर प्रजाती वेगळ्या होत गेल्या होत्या.

ठेका ठरवणारी जनुकं एका जागी नसतात, अनेक गुणसूत्रांवर पसरलेली असतात, आणि काही त्या एकट्या एक्सवरही. नराला एक्स फक्त आईकडून मिळतो. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या टेलिओग्रिलस ओशियानिकस आणि टेलिओग्रिलस कमोडस यांचा संकर केला, तर मुलाच्या गाण्यातले काही ठेके आईच्या घराण्याचे निघतात. आई बदला, ठेका बदलतो.

अशा संकरांबद्दल हॉल्डेन यांचा १९२२ चा एक नियम आहे. हेच ते हॉल्डेन, जे १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि भुवनेश्वरला वारले. दोन प्रजातींच्या संकरात एकच लिंग वांझ निघालं, तर ते बहुधा ज्याची लिंगगुणसूत्रं विजोड आहेत तेच असतं. माश्यांत, उंदरांत आणि इतर पुष्कळ प्राण्यांत हा नियम चालतो. रातकिड्यात विजोड नर, तेव्हा नर वांझ निघायला हवा. या दोन टेलिओग्रिलसमध्ये उलट झालं. मुलगे वंश चालवतात, मुली वांझ.

याच मुलींवर १९७७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यांना तीन गाणी ऐकवली. आईच्या जातीचं, बापाच्या जातीचं आणि त्यांच्यासारख्याच संकर नराचं. त्या संकर नराच्या गाण्याकडे वळल्या. ज्या माळांनी भावाच्या पंखाला तो मधलाच ठेका दिला, त्यांनीच बहिणीच्या कानाला त्याची आवड दिली असावी. मादी अंधारात त्या आवाजाच्या दिशेने बिनचूक चालत जाते. पिल्लं मात्र होत नाहीत.